जेंकिन्स आणि भोसले : नागपूरच्या इतिहासातील दोन आडनावांची चिकित्सा

उमरेड येथे पदव्युत्तर वर्गात नागपूरकर भोसल्यांच्या अखेरच्या कालखंडाचे अध्यापन चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "जेंकिन्स म्हणजे काय? हे आपल्याप्रमाणे गावावरून पडलेले आडनाव की धंद्यावरून?" प्रश्न साधा होता, परंतु इतिहासाच्या ग्रंथांत तो सहसा विचारला जात नाही. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने नागपूरच्या राज्यात काय केले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच्या नावाकडे मात्र केवळ ओळखीची खूण म्हणून पाहिले गेले. याच्या उलट, भोसले या आडनावाची चर्चा इतकी झाली आहे की, त्यातून एखाद्या वंशाची सिद्धी करता येते असा समज रूढ होऊन बसला आहे. प्रस्तुत लेखात ही दोन आडनावे शेजारी ठेवून तपासावयाची आहेत. आडनाव हे इतिहासाचे साधन म्हणून कोठवर विश्वसनीय आहे, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

१. तीन रेसिडेंट, दोन प्रकारची आडनावे

नागपूरच्या दरबारी कंपनी सरकारचे जे प्रारंभीचे प्रतिनिधी आले, त्यांपैकी तिघांची नावे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. संस्कृतचा थोर व्यासंगी हेन्री टॉमस कोलब्रूक हा १७९९ ते १८०१ या काळात नागपुरास होता. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ मध्ये आला. त्याच्या मागून १८०७ मध्ये रिचर्ड जेंकिन्सकडे प्रथम हंगामी स्वरूपात कारभार आला आणि पुढे १८२७ पर्यंत तोच येथे राहिला.

या तिघांपैकी पहिल्या दोघांची आडनावे स्थलवाचक आहेत. कोलब्रूक यातील 'ब्रूक' म्हणजे ओहळ. डेव्हन परगण्यात त्या नावाचे गावही आहे. एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडातील एका ठिकाणाचे नाव. त्याच्या शेवटी आज 'स्टोन', म्हणजे दगड, ऐकू येत असला तरी मूळ शब्द वस्तीवाचक 'टून' हा असून आधीच्या व्यक्तिनामाचा षष्ठीदर्शक 'स' त्याला चिकटला असावा, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. म्हणजे एल्फिन्स्टन हा आपल्या चिमूरकर, उमरेडकर या नावांचा दूरचा भाऊबंद होय. फरक इतकाच की, मराठी 'कर' लावून संबंध उघड सांगते आणि इंग्रजी गावाचे नावच माणसावर ठेवून मोकळी होते.

जेंकिन्सची जात वेगळी. यात गाव नाही, धंदा नाही. यात एका पित्याचे नाव आहे.

२. 'जेंकिन्स'ची घडण

या नावाचे तीन तुकडे पडतात. पहिला 'जेन्' किंवा 'जान्', हे जॉन या नावाचे आखूड रूप. दुसरा 'किन्' हा लघुत्वदर्शक प्रत्यय. मध्ययुगात फ्लेमिश व डच भाषिकांच्या संपर्कातून तो इंग्रजीत रुळला. तिसरा अखेरचा 'स' हा षष्ठीचा. जेंकिन म्हणजे लहानगा जॉन आणि जेंकिन्स म्हणजे त्या लहानग्या जॉनचा, अर्थात त्याचा मुलगा. विल्किन्स, हॉपकिन्स, वॉटकिन्स, पर्किन्स ही सर्व याच साच्यातील नावे. १७८५ मध्ये भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारा चार्ल्स विल्किन्स हाही याच न्यायाने 'लहानग्या विल्यमचा' होता.

मूळ जॉन हे नाव हिब्रू. 'योहानान' म्हणजे परमेश्वराची कृपा. ग्रीक व लॅटिनमधून ते युरोपभर गेले. मराठी बायबलात ते योहान आहे, अरबीत याह्या, रशियनमध्ये इव्हान. वेल्श भाषेत याच नावापासून येवान व एव्हान ही रूपे झाली. पुढे जोन्स, एव्हान्स आणि जेंकिन्स ही तीन आडनावे वेल्समध्ये उदंड झाली. तिन्हींचा अर्थ एकच, जॉनचा मुलगा. परंतु जोन्स, एव्हान्स आणि जेंकिन्स यांना एका रक्ताचे मानावे असे कोणी म्हणणार नाही. एकट्या जेंकिन्स नावाच्या सर्वांनाही एका मूळपुरुषाची संतती म्हणता येत नाही. ज्या ज्या घरी जेंकिन नावाचा बाप होता आणि ज्या पिढीत नाव गोठले, तेथे तेथे हे आडनाव स्वतंत्रपणे जन्मले.

'नाव गोठले' हा शब्दप्रयोग हेतुपूर्वक केला आहे. वेल्समध्ये पूर्वी स्थिर आडनाव नव्हते. मुलाच्या नावापुढे 'आप', म्हणजे 'चा मुलगा', लावून बापाचे नाव, त्यापुढे आजाचे, अशी साखळी चाले आणि दर पिढीला ती बदले. १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला. न्यायालये, करवसुली आणि नोंदी इंग्रजीत होऊ लागल्या. पिढीगणिक बदलणारे नाव अशा दप्तराला गैरसोयीचे. प्रथम वरच्या थरात आणि मग हळूहळू खाली बापाचे नाव हेच कायमचे आडनाव झाले. रिचर्ड जेंकिन्सचा जन्म १७८५ मध्ये श्रॉपशर परगण्यात झाला. हा परगणा वेल्सच्या अगदी सीमेवर आहे. वेल्श नामपद्धती आणि इंग्रजी दप्तर यांची गाठ जेथे पडली, त्याच पट्ट्यातील हे आडनाव होय.

३. 'आप', 'बिन' आणि 'वार'

हा प्रकार मराठी वाचकाला परका वाटू नये. मोडी कागदपत्रांत शेतकऱ्यांची व पाटलांची नावे 'अमुक बिन तमुक' अशा रीतीने येतात. 'बिन' हा अरबी शब्द फारसी दप्तरातून मराठीत आला आणि वेल्श 'आप'चेच काम करू लागला. अशा नोंदींत आडनाव असेलच असे नाही. गाव, हुद्दा आणि बाप एवढ्याने माणूस ओळखला जाई. पुढे जमाबंदीचे कागद, शाळेचे दाखले आणि जनगणना यांच्या रेट्याखाली पाटील, देशमुख, कुलकर्णी हे हुद्देच असंख्य घरांची आडनावे झाली. हुद्दा गेला, नाव राहिले.

उमरेडच्या परिसरात आणखी एक प्रत्यय लक्षात घेण्यासारखा आहे. हा तालुका नागपूर जिल्ह्यात असला तरी त्याची सीमा चंद्रपूर जिल्ह्याला लागते. तिकडे 'वार' या अंत्याची आडनावे विपुल आहेत. हा तेलुगूतील 'वारु' होय. तो आदरार्थी बहुवचनाचा असून, अमुक घराण्याची माणसे असा अर्थ देतो. जेंकिन्सचा 'स', चिमूरकरातील 'कर' आणि हा 'वार' या तिघांचे कार्य एकच आहे. माणसाला कशाशी तरी बांधणे, मग तो बाप असो, गाव असो की घराणे असो. आता 'वार'कारान्त आडनाव दिसताच ते कुटुंब तेलंगणातून आले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कित्येक ठिकाणी खरा असेलही. परंतु प्रत्यय हा भाषेचा असतो, रक्ताचा नसतो. शेजारच्या समाजात प्रतिष्ठित ठरलेला प्रत्यय दुसरा समाजही उचलतो. इतर पुरावा जोडीला नसेल तर अशा निष्कर्षाला अनुमानापलीकडे किंमत नाही.

४. मराठी मुखातील साहेब

परकी नावे मराठीत येताना मराठीच्या ध्वनिनियमांना वश होतात. एल्फिन्स्टनचे 'अलपिष्टन' झाले. येथे 'स्ट'चा 'ष्ट' झाला तो अज्ञानाने नव्हे. 'इष्टेट', 'आगष्ट' ही जुन्या छपाईतील रूपे तीच प्रवृत्ती दाखवितात. इंग्रजी 'ट' मराठी कानाला मूर्धन्य वाटतो आणि मूर्धन्य ट-कारापूर्वी मराठीला, संस्कृतच्या संस्कारामुळे, मूर्धन्य 'ष'च सवयीचा आहे.

जेंकिन्सच्या बाबतीत दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. मराठी 'ज' दोन प्रकारचा. 'जग'मधला दंत्य आणि 'जेवण'मधला तालव्य. ए व इ या स्वरांपूर्वी तो सामान्यतः तालव्यच असतो. त्यामुळे जेंकिन्सचा आद्य वर्ण मराठी माणसाला मुळीच अवघड नव्हता. दुसरी गोष्ट अखेरच्या सकाराची. अशा नावापुढे 'साहेब' हा शब्द आला की दोन सकार एकमेकांत मिसळतात आणि 'जेंकिनसाहेब' असा उच्चार आपोआप घडतो. आपण सहज म्हणून पाहिले तरी याची प्रचीती येईल. ज्या सकारात 'चा मुलगा' हा सारा अर्थ साठविलेला, तोच 'साहेब'मध्ये लोपतो आणि मागे उरतो तो केवळ 'लहानगा जॉन'.

उलट दिशेनेही हेच घडत होते. इंग्रजी दप्तराने उमरेडचे 'उम्रेर' केले. हिंदी भाषिक मुखातील 'ड'चा शिथिल उच्चार इंग्रजी कानाला 'र'सारखा वाटला. पुढे गॅझेटियरमध्ये हेच रूप छापले गेले. आणि भोसल्यांचे झाले 'भोंसला'.

५. 'भोसले' आणि 'भोंसला'

या दोन रूपांत दोन भेद आहेत, एक वचनाचा आणि दुसरा अनुनासिकाचा.

मराठीत हे आडनाव आकारान्त शब्दाप्रमाणे चालते. एकवचन भोसला, अनेकवचन भोसले, आणि प्रत्यय लागताना भोसल्यांनी, भोसल्यांचा. मराठीत राजाचा उल्लेख आदरार्थी अनेकवचनीच होणार. त्यामुळे 'भोसले' हेच रूप स्थिरावले. फारसी व हिंदी लेखनात असा आदर या शब्दाच्या रूपात दाखविण्याची सोय नव्हती. तेथे एकवचनी 'भोंसला' चालू राहिला आणि इंग्रजांनी तो तेथून उचलला. मराठी कानाला एकवचनी रूप उद्धट वाटते. तथापि उद्धटपणाचा हेतू त्यात नव्हता, केवळ उगम वेगळा होता. नागपूरच्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे जी सैनिकी शाळा काढली, तिच्या नावात 'भोंसला' हेच रूप अभिमानाने नांदत आहे. रूपावरून भाव ठरविता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

अनुनासिकाचेही तसेच. संस्कृत 'सर्प'चे हिंदीत 'साँप' होते, 'अश्रु'चे 'आँसू' होते. मूळ शब्दात अनुनासिक नसताना तो उद्भवतो. म्हणून भोंसलेतील अनुस्वार हा नावाच्या मूळ रूपाचा अवशेष आहे असे धरून त्यावर व्युत्पत्ती रचणे सुरक्षित नाही.

आता व्युत्पत्तीकडे वळू. मुख्य मते तीन आहेत. पहिले मत असे की, हे घराणे मेवाडच्या सिसोदियांची शाखा असून 'भोसाजी' नामक पूर्वजावरून आडनाव पडले. १६७४ मध्ये गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली झालेल्या राज्याभिषेकाच्या संदर्भात या वंशावळीला विशेष महत्त्व आले. दुसरे मत भोसे या नावाच्या गावाकडे बोट दाखविते. तिसरे मत डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचे. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील २००१ च्या ग्रंथात त्यांनी भोसल्यांचा संबंध दक्षिणेकडील होयसळांशी जोडला. याखेरीज संस्कृत कवींनी 'भृशबल', म्हणजे अतिशय बलवान, असे रूप घडविले. परंतु ती व्युत्पत्ती नसून अलंकार आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी एकही मत अडचणीवाचून नाही. मूळपुरुषाचे नाव थेट आडनावावरून बेतलेले दिसते तेव्हा आधी आडनाव आणि मग पूर्वज, असा उलटा क्रम संभवतो. जेंकिन हे नाव स्वतंत्र पुराव्याने मध्ययुगात प्रचारात होते असे दाखविता येते. भोसाजीच्या बाबतीत तसा स्वतंत्र आधार अभ्यासकाने मागितला पाहिजे. गावावरून नाव आले म्हणावे तर मराठीची रूढ घडण 'भोसेकर' अशी होईल. 'ले' या अंत्याचा उलगडा राहतो. होयसळ पक्षी ध्वनीची अडचण आहे. आपल्या भाषांत स्वरमध्यस्थ 'भ'चा 'ह' होतो, जसे 'शोभते'चे 'सोहे', 'गभीर'चे 'गहिरा'. 'ह'चा 'भ' होणे हा उलटा प्रवास आहे. कन्नडमध्ये 'प'चा 'ह' झाला आणि पोय्सळ, होय्सळ अशी दोन्ही रूपे मिळतात हे खरे. तरीही 'भ'कडे जाण्याचा मार्ग सरळ नाही. डॉ. ढेरे यांच्या प्रतिपादनाचे बळ मुख्यतः दैवत, क्षेत्र आणि स्थलांतर यांच्या साक्षीत आहे; ती साक्ष तिच्या जागी तपासली पाहिजे, ध्वनिसाम्याच्या जोरावर नव्हे. स्वतः 'होय्सळ' या नावासंबंधीही 'सळा, मार!' असे सांगून वाघाला मारविल्याची कथा आहे. नावाला अर्थ लाभावा म्हणून कथा जन्मते, हा नियम सर्वत्र दिसतो.

नागपूरकर घराणे मुळात 'हिंगणीकर भोसले' म्हणून ओळखले जाई, हे येथे आठवावे. सातारकर भोसल्यांपासून त्यांचा वेगळेपणा सांगण्यासाठी आडनावाला पुन्हा गावाचे नाव जोडावे लागले. म्हणजे मराठा मंडळात 'भोसले' हे एकटे नाव माणूस निश्चित करण्यास अपुरे होते. दरबारी कागदांत तर शाहू महाराजांनी दिलेला 'सेनासाहेब सुभा' हा किताबच अधिक मोलाचा. इंग्रजांनी आणखी निराळेच नाव दिले. ते त्यांना कित्येक वर्षे 'वऱ्हाडचे राजे' म्हणत राहिले.

६. १८१८ आणि १८५४

येथवरची चर्चा शब्दांची होती. आडनावावर एक राज्य कसे अवलंबून राहिले, ते आता पाहू.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले. १८१८ मध्ये कंपनीने ज्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसविले तो जन्माने भोसले नव्हता. तो दुसऱ्या रघुजींच्या कन्येचा मुलगा, गुजर घराण्यातील, बाजीबा नावाचा. दत्तविधानाने तो भोसले झाला आणि नावही बदलून तिसरे रघुजी झाला. 'रघु' या आखूड रूपाला 'जी' हा आदरार्थी प्रत्यय लागून 'रघुजी' होतो. 'जेन्'ला 'किन्' हा लघुत्वाचा प्रत्यय लागून 'जेंकिन' होतो. घडण सारखी, भाव उलट. ज्याच्या नावात आदर होता तो बालक होता आणि ज्याच्या नावात लहानपण होते तो राज्य चालवीत होता. राजाच्या अज्ञानपणात कारभार जेंकिन्सच्या हाती होता. १८२७ मध्ये नागपूरच्या मुलखाविषयीचा त्याचा प्रसिद्ध अहवाल कलकत्त्याहून छापला गेला.

मुद्दा असा की, १८१८ मध्ये गुजरांचा मुलगा भोसले होऊ शकतो आणि भोसले झाला म्हणून राज्याचा धनी होऊ शकतो, हे कंपनीला मान्य होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. राणीवशाने आहेर घराण्यातील यशवंतराव या मुलाला पुढे केले. तो जानोजी भोसले झाला. धर्मशास्त्र तेच होते, विधी तोच होता, आडनावही तेच. परंतु लॉर्ड डलहौसीने या नामांतरातून राज्याचा वारसा मिळत नाही असे ठरविले आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले. १८१८ चे राज्य ही कंपनीची देणगी होती, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे जानोजींना देऊरचे राजेबहादुर हा किताब मिळाला; आडनाव टिकले, राज्य गेले. योगायोग असा की, रिचर्ड जेंकिन्सचा मृत्यूही त्याच डिसेंबर १८५३ मध्ये इंग्लंडात झाला.

या दोन प्रसंगांत रक्ताचा पुरावा बदलला नव्हता. दोन्ही मुले दुसऱ्या घराण्यात जन्मलेली होती. बदलली ती नाव वाचणाऱ्याची इच्छा. आपल्या समाजात आडनाव हे दत्तकाने, विवाहाने, हुद्द्याने आणि स्थलांतराने मिळत आले आहे; नाव 'चालविणे' हा आपला शब्दच ते सांगतो. नाव हे येथे कर्तव्य होते, वंशपरीक्षा नव्हती. डलहौसीने त्याला वंशपरीक्षेचे रूप दिले आणि त्या परीक्षेत नापास करून राज्य घेतले.

७. उपसंहार

यातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध थोडक्यात असा. आडनाव ज्या पिढीत स्थिर झाले त्या पिढीपलीकडे त्याची साक्ष जात नाही; म्हणून प्रथम ते केव्हा आणि कोणत्या दप्तरात स्थिर झाले हे शोधावे. प्रत्यय आणि ध्वनी यांवरून भाषेचा इतिहास सांगता येतो. कुळाचा सांगण्यासाठी वेगळी साधने लागतात. आणि एखाद्या व्युत्पत्तीला ज्या काळी जोर चढला, त्या काळी तिची गरज कोणाला होती, हेही विचारावे.

हा सावधपणा केवळ राजघराण्यांसाठी नाही. आज आमच्याकडे येणारे विद्यार्थी आपल्या गावच्या आडनावांच्या याद्या आणतात आणि त्यांवरून कोण मूळचा, कोण उपरा, कोण उच्च, कोण हीन, असे निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. त्यांच्या परिश्रमाचे कौतुक करावे. परंतु निष्कर्ष रोखावेत. १८५४ मध्ये एका परक्या सत्ताधीशाने नावावरून माणसाचा हक्क ठरविला, त्याचे दुःख नागपूरच्या लोकांनी दीर्घकाळ बाळगले. तोच न्याय आपण आपल्या शेजाऱ्याला लावू नये.

ज्या विद्यार्थ्याने मूळ प्रश्न विचारला त्याला उत्तर मिळाले आहे. जेंकिन्स हे गावावरूनही पडलेले नाही आणि धंद्यावरूनही नाही. ते एका अज्ञात बापावरून पडले आहे. त्या बापाविषयी त्याचे नाव जेंकिन होते, यापलीकडे ते काहीही सांगत नाही. भोसले हे नाव तर तेवढेही निःसंदिग्धपणे सांगत नाही. हे उत्तर अल्प आहे, परंतु खरे आहे. आणि पुढील संशोधनाने त्यात भर घालावयाची तर आरंभ त्या अल्प उत्तरापासूनच करावा लागेल.